लावणी-संचणीचा कारभारी : दादोजी कोंडदेव मलठणकर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या खोऱ्यांत शिरूर व दौंड हे तालुके वसलेले आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस या भागात पोहोचेपर्यंत अगदी विरळ होतो. कालव्यांमुळे, धरणांमुळे आणि साखर कारखान्यांमुळे आज या तालुक्यांच्या बऱ्याच भागाचे रूप पालटले आहे. तथापि, पाण्याची ही सोय होण्यापूर्वी अनेक शतके हा मुलूख अवर्षणाचा म्हणूनच ओळखला जात असे. लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला की कुणबी बैल विकून टाकीत, मग घर सोडीत, आणि पाहता पाहता सारे गाव ओस पडे.

ओस पडलेल्या गावात माणसे परत आणावयाची, त्यांच्या हाती नांगर द्यावयाचा आणि पडीक रान पुन्हा पिकाखाली आणावयाचे, या कामास जुन्या मराठी कागदपत्रांत ‘लावणी-संचणी’ असे नाव आहे. राज्य कोणाचेही असो, मुलकी अधिकाऱ्याची पारख प्रामुख्याने या कामावरून होत असे. सतराव्या शतकात पुणे प्रांतात हे काम ज्यांनी केले, त्यांत मलठणचे कुलकर्णी दादोजी कोंडदेव यांचे नाव अग्रभागी येते. त्यांच्या कारकीर्दीचा अभ्यास आजच्या महसूल अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि पंचायतींच्या सभासदांना उद्बोधक ठरावा.

गावचा कुलकर्णी

समकालीन कागदपत्रांत त्यांचे नाव ‘दादाजी कोंडदेव’ असे आढळते. ‘दादोजी’ हे रूप पुढे रूढ झाले. ते मलठणचे कुलकर्णी होते. मलठण नावाची गावे शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आहेत आणि दोन्ही ठिकाणांशी दादोजींचे नाव जोडले जाते. भोसले घराण्याकडे ज्या गावांची पाटिलकी होती, त्यांपैकी हिंगणी बेरडी व देऊळगाव ही गावे भीमेच्या काठच्या दौंड तालुक्यात, तेथील मलठणच्या परिसरात आहेत. पाटील आणि कुलकर्णी यांचा संबंध नित्याचा असल्याने, मलठणच्या कुलकर्ण्याचा भोसल्यांच्या कारभाराशी संबंध कसा आला असावा, याचा उलगडा या शेजारामुळे सहज होतो.

कुलकर्णी हे पद त्या काळच्या राज्यव्यवस्थेत अगदी तळाचे होते. परंतु राज्याचा सारा हिशेब तेथूनच सुरू होई. गावात जमीन किती, तिची प्रत कोणती, कोणते शेत कोणाकडे आहे, कोण मिरासदार आणि कोण उपरी, कोणाकडे किती बाकी राहिली, कोणते कूळ नष्ट होऊन त्याची जमीन ‘गतकूळ’ झाली, या सर्वांची नोंद कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. पाटील गावचा कारभार करी आणि कुलकर्णी तो लिहून ठेवी. वरून येणारा अधिकारी बदले, प्रसंगी सत्ताही बदले, पण दप्तर टिकले तर गावाची ओळख टिके. या तळाच्या पदावर दादोजींचे शिक्षण झाले. पुढे ते सुभ्याच्या कारभारापर्यंत पोहोचले, तेव्हा शेताच्या बांधापासून जमाबंदीच्या कागदापर्यंत सर्व टप्प्यांची माहिती असलेला माणूस त्या जागी बसला होता, असे म्हणता येते.

मुलूख ओस पडला

दादोजींच्या कामाचे महत्त्व समजण्यासाठी १६३० च्या सुमाराची परिस्थिती ध्यानी घेणे आवश्यक आहे. निजामशाहीचा आधारस्तंभ असलेला वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला. जमिनीची प्रत पाहून धारा ठरविण्याची जी पद्धत त्याने बसविली होती, तिचा लौकिक पुढे दीर्घकाळ टिकून राहिला. त्याच्यामागे मात्र निजामशाही खिळखिळी झाली. मोगल, आदिलशाही आणि निजामशाही यांच्या फौजा पुणे प्रांतातून वारंवार येऊ-जाऊ लागल्या. शहाजीराजे भोसले यांच्या ताब्यातील पुण्यावर आदिलशाही सरदार मुरार जगदेव चालून आला. त्याने गाव जाळून उद्ध्वस्त केले. गाढवांचा नांगर फिरवून तेथे पहार ठोकली, आणि ही भूमी पुन्हा वसू नये असा इशारा दिला, अशी परंपरा आहे. यवतच्या दक्षिणेस भुलेश्वराच्या डोंगरावर त्याने दौलतमंगळ हा किल्ला उभारला.

त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, गुजरात आणि दख्खन या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. मोगल दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्याचे वर्णन केले आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही वाटेत पाहिलेली प्रेते आणि ओस गावे नोंदवून ठेवली आहेत. देहूच्या तुकोबांच्या घरावरही या दुष्काळाने आघात केला आणि त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून मरण पावली.

युद्ध आणि दुष्काळ यांचा असा दुहेरी तडाखा बसल्यानंतर मुलखाचे काय होते, हे सांगावयास नको. शेते रानात जातात. जनावरे नाहीशी होतात. मनुष्यवस्ती हटली की तिची जागा श्वापदे घेतात. ज्या गावांत सारा देणारे कोणी उरले नाही, त्या गावांचा सारा कागदावर कितीही मोठा असला, तरी त्याचा एक रुकाही सरकारात येत नाही.

१६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्यात तह झाला आणि निजामशाहीचा शेवट झाला. शहाजीराजांनी आदिलशाहीची सेवा पत्करली. पुणे आणि सुपे हे परगणे त्यांच्याकडे मोकासा म्हणून राहिले, पण त्यांना स्वतःला कर्नाटकाच्या मोहिमेवर जावे लागले. हा उद्ध्वस्त मोकासा सांभाळण्याची जबाबदारी त्यांनी दादोजींवर सोपविली. जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे यांचे वास्तव्यही याच मोकाशात होते. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. तिच्यात दादोजींचा निर्देश जाणत्या व दक्ष कारभाऱ्याच्या स्वरूपात येतो.

दोन धन्यांचा कारभार

दादोजींचे स्थान दुहेरी होते. एका बाजूने ते शहाजीराजांच्या मोकाशाचे कारभारी होते. दुसऱ्या बाजूने त्यांच्याकडे आदिलशाहीचा अधिकारही होता. कोंडाणा किल्ल्याशी निगडित असलेल्या सुभ्याचे सुभेदार या नात्याने त्यांचा उल्लेख त्या काळच्या निवाडपत्रांत आढळतो. मोकासदाराच्या उत्पन्नाची काळजी घ्यावयाची आणि बादशाही हुकुमाचीही अंमलबजावणी करावयाची, अशी ही दुहेरी चाकरी होती.

अशा अधिकाऱ्यापुढे एक मोह नेहमी उभा असतो. वरच्या दोन्ही धन्यांना वसूल हवा असतो आणि तो याच वर्षी हवा असतो. मुलखात जी थोडी कुळे शिल्लक असतात, त्यांच्याकडून गेलेल्यांचाही सारा वसूल केला, तर एक-दोन वर्षे हिशेब बरा दिसतो; परंतु उरलेली कुळेही गाव सोडतात. याउलट, सारा सोडून दिला तर गाव वसते, पण वरिष्ठांना पहिली काही वर्षे जवळजवळ रिकाम्या हाताने उत्तर द्यावे लागते. दादोजींनी दुसरा मार्ग पत्करला, असे बखरींचे सांगणे आहे आणि ओस मुलूख त्यांच्या कारकीर्दीत पुन्हा नांदता झाला यावर परंपरेचे एकमत आहे.

कौल आणि इस्तावा

ओस जमीन लावण्यासाठी त्या काळी दोन साधने वापरली जात, कौल आणि इस्तावा. या दोन्हींचा अर्थ नीट समजावून घेण्यासारखा आहे.

कौल म्हणजे सरकारचे लेखी अभयवचन. गाव सोडून गेलेल्या कुणब्याला तीन गोष्टींचे भय असे. मागची बाकी मागतील, परत आल्यावर एकदम पूर्ण सारा लावतील, आणि आपण नसताना आपल्या शेतात दुसरा कोणी घुसला असेल. कौल देणारा अधिकारी या तिन्ही बाबतींत लेखी शब्द देई. त्या शब्दावर विसंबून माणूस बायकामुलांसह परत येई. म्हणून कौलाची किंमत तो देणाऱ्या अधिकाऱ्याच्या विश्वासार्हतेवर ठरत असे. एका गावात कौल मोडला की पंचक्रोशीतील कोणीही नव्या कौलावर विश्वास ठेवीत नसे.

इस्तावा म्हणजे दरसाल चढत जाणारा सारा. पडीक रान पहिल्या वर्षी पूर्ण पीक देत नाही. झुडपे तोडावी लागतात, हरळी-कुंदा खणावा लागतो, बैलजोडी मिळवावी लागते. म्हणून पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, तिसऱ्या वर्षी त्याहून अधिक, अशा पायऱ्यांनी काही वर्षांनंतर ती जमीन पूर्ण धाऱ्यावर आणीत. दादोजींनी अशीच चढती आकारणी बसविली आणि शेवटी ती मलिक अंबराच्या धाऱ्यापर्यंत नेली, अशी माहिती उत्तरकालीन बखरींतून मिळते. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही केवळ सूट नव्हती. सूट केव्हा संपेल आणि पूर्ण सारा केव्हा सुरू होईल, हे कुळाला पहिल्याच दिवशी ठाऊक असे. त्यामुळे त्याला पुढील वर्षांचा विचार करून विहीर, बांध, बैल यांवर खर्च करता येई, आणि सरकारलाही आपले उत्पन्न कोणत्या वर्षी किती होईल याचा अंदाज बांधता येई.

जंगली श्वापदांचा बंदोबस्त हा याच कामाचा भाग होता. माणसे नाहीशी झाल्याने मावळात लांडग्यांचा सुळसुळाट झाला होता आणि लांडगे मारणाऱ्यास दादोजींनी बक्षीस ठेवले, अशी कथा आहे. शेळ्या-मेंढ्या आणि लहान मुले सुरक्षित नसतील तर कौलाचा कागद कितीही चांगला असला तरी वस्ती टिकणार नाही, हा त्यामागील व्यवहार होता. पुण्याच्या जळलेल्या भूमीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरविला गेला, ही कथाही सर्वश्रुत आहे. तिचा शब्दशः स्वीकार न केला, तरी तिचे प्रयोजन स्पष्ट आहे. गाढवाच्या नांगराने लोकांच्या मनात बसलेली भीती काढून टाकल्याशिवाय तेथे कोणी घर बांधावयास धजला नसता.

मावळांचा बंदोबस्त

पूर्वेकडील सपाट मुलखात दुष्काळ हा मुख्य शत्रू होता. पश्चिमेकडील मावळांत प्रश्न वेगळा होता. डोंगराळ खोऱ्यांतील देशमुख पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या मुलखाचे जवळजवळ स्वतंत्र धनी होऊन बसले होते. सारा ते गोळा करीत, पण तो पुढे कितपत पोहोचेल हे त्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. आपसांतील वैरे तर नित्याचीच होती. दादोजींनी बारा मावळे अंमलाखाली आणली, असे सभासदाने नमूद केले आहे. हे काम केवळ गोडीगुलाबीने झाले नाही. काही देशमुख भेटीस आले, काहींवर शस्त्र धरावे लागले. हिरडस मावळच्या बांदलांनी सहजासहजी मान तुकविली नाही, हे जेधे घराण्याच्या कागदांवरून दिसते. हेच बांदल आणि जेधे पुढे स्वराज्याचे खंदे आधार झाले.

या बाबतीत दादोजींच्या कारभाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा कारभार वतनदारांचे वर्चस्व नष्ट करणारा नव्हता. त्यांना शिस्तीत आणणारा होता. देशमुख, पाटील, कुलकर्णी यांचे वंशपरंपरागत हक्क त्यात अबाधित राहिले. गावातील मिरासदार आणि उपरी यांतील अंतर किंवा बलुतेदारांची उतरंड यांस त्याने हात लावला नाही. त्या काळाच्या चौकटीतला तो कारभार होता आणि त्याच दृष्टीने त्याचे मोल केले पाहिजे.

निवाडे आणि महजर

दादोजींच्या कामाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा बखरींत नसून निवाड्यांच्या कागदांत आहे. दुष्काळानंतर वतनाचे तंटे वाढणे अपरिहार्य होते. एक भाऊ गावात तग धरून राहिला, दुसरा परागंदा झाला आणि काही वर्षांनी त्याचा मुलगा परतला. आता पाटिलकीचा मान कोणाचा? एका कुळाची जमीन दुसऱ्याने कसली, सारा भरला, विहीर खणली. मूळ मिरासदार आल्यावर ती कोणाची? असे प्रश्न गावोगावी उभे राहिले. ते सुटल्यावाचून लावणी-संचणी पुरी होणार नव्हती. ज्या जमिनीच्या मालकीविषयी तंटा आहे, त्या जमिनीत कोणीही मनापासून खपत नाही.

अशा तंट्यांची चौकशी भर मजलसीत होई. सरकारी अधिकारी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन आणि गोत, म्हणजे ज्ञातिबांधव व गावकरी, एकत्र बसत. वादी-प्रतिवादींकडून निर्णय मान्य करण्याचा राजीनामा लिहून घेत, जामीन घेत, जुने कागद पाहत, वृद्धांच्या साक्षी घेत. निर्णय झाल्यावर महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या उमटत. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी. जिंकणाऱ्याने ‘हरकी’ आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’ सरकारात भरावयाची असे. पुराव्याने निकाल लागला नाही, तर दिव्याचाही अवलंब होई. आजच्या न्यायबुद्धीला तो पटणारा नाही, पण तो त्या काळचा सार्वत्रिक प्रघात होता.

या पद्धतीचे मर्म असे की, निर्णय गावासमोर होई आणि तो गावाच्या स्मरणात राही. पुन्हा कोणी तोच तंटा उकरला, तर महजरावर निशाणी करणारे किंवा त्यांचे वंशज साक्षीला उभे राहत. दादोजींच्या मजलसीत झालेल्या निर्णयांचे दाखले पुढील पिढ्यांच्या वादांतही काढले गेले. अधिकारी गेल्यानंतरही त्याचा निर्णय ग्राह्य धरला जावा, यापेक्षा मोठी पावती मुलकी अधिकाऱ्याला कोणती मिळणार?

शिवापूरचा आंबा

दादोजींविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका शिवापूरच्या बागेची आहे. तेथे त्यांनी आमराई लावविली आणि झाडाच्या फळास वा पानास कोणी हात लावू नये, असा हुकूम काढला. एके दिवशी नकळत त्यांनी स्वतःच एक आंबा तोडला. चूक ध्यानी येताच ते आपला हात तोडावयास निघाले. लोकांनी त्यांना आवरले. पण त्यानंतर त्यांनी त्या हाताची अंगरख्याची बाही आखूड ठेवली, अशी ही कथा आहे.

ही कथा कागदपत्रांनी सिद्ध होणारी नाही. तथापि, लोकांनी ती कोणाविषयी सांगितली, हे पाहण्यासारखे आहे. बागेचा हुकूम काढणारा अधिकारी आणि त्या हुकुमाने बांधला गेलेला माणूस एकच असावा, ही रयतेची अपेक्षा तीत उमटली आहे. ज्या काळात सरकारी स्वारी गावात आली की कोंबडी, गवत आणि लाकूड फुकट उचलले जाण्याची धास्ती असे, त्या काळात ही अपेक्षा लहान नव्हती.

जपानमधील समकालीन कारभार

लावणी-संचणीचा प्रश्न केवळ दख्खनपुरता नव्हता. दादोजी पुणे प्रांतात काम करीत होते, त्याच वर्षांत जपानमध्ये तोकुगावा शोगुनांची सत्ता स्थिरावत होती. शोगुनच्या खालसा मुलखावर ‘दायकान’ नावाचे मुलकी अधिकारी नेमलेले असत. जमिनीची पाहणी करून तिचे उत्पन्न ‘कोकू’ या भाताच्या मापात ठरवीत आणि सारा एकेका कुळावर न लावता सबंध गावावर लावीत. गावचा मुखिया तो गोळा करून देई. आपल्याकडील पाटील-कुलकर्णी आणि सुभेदार यांच्याशी या व्यवस्थेचे साम्य सहज ध्यानात येते.

१६४० नंतर तेथेही मोठा दुष्काळ पडला. कर्जापायी गरीब शेतकऱ्यांच्या जमिनी सधनांच्या घशात जाऊ लागल्या. तेव्हा १६४३ मध्ये शोगुन सरकारने शेतजमिनीच्या कायम विक्रीवर बंदी घातली. जमिनीवरून शेतकरी हटला की सरकारचा सारा आणि समाजाचे अन्न दोन्ही धोक्यात येतात, हा निष्कर्ष जगाच्या दोन टोकांच्या कारभाऱ्यांनी एकाच दशकात काढला. जपानने तो बंदीच्या हुकुमाने अमलात आणला. पुणे प्रांतात तो कौल आणि इस्ताव्याने अमलात आला.

हीच भूमी, दुसरा कारभार

दादोजींच्या पद्धतीचे महत्त्व तिच्या अभावाच्या काळात अधिक स्पष्ट होते. त्याचे उदाहरण शिरूर-दौंडच्या परिसरातच सापडते. १८१८ नंतर येथे इंग्रजी अंमल आला. १८३६ पासून इंदापुरात सुरू झालेल्या पाहणीने शेतवार नोंदी आणि तीस वर्षांची निश्चित आकारणी आणली. ही सुधारणा खरी होती. आरंभीचे दरही सौम्य होते आणि त्यामुळे पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. परंतु सारा आता रोखीने आणि ठरल्या तारखेस द्यावा लागे. त्यासाठी रयत सावकाराकडे जाऊ लागली आणि नव्या दिवाणी न्यायालयांनी सावकाराच्या कागदाला पूर्ण बळ दिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सहज मिळाले. भाव उतरले तेव्हा कर्ज तेवढे शिल्लक राहिले. १८६७ पासूनच्या फेरपाहणीत आकारणीही वाढली.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारांवर सामाजिक बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव उठला. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. कर्जाचे कागद हिसकावून जाळणे हा जमावाचा मुख्य हेतू होता. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंगली पसरल्या. भीमथडी आणि शिरूर हे तालुके त्यांत ठळक होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. न्यायालयाने कर्जाचा पूर्वेतिहास तपासावा, कागद गावपातळीवर नोंदले जावेत आणि खटल्यापूर्वी सलोखा करणाऱ्या माणसांकडे वाद न्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. दोनशे वर्षांपूर्वी मजलसीत उघडपणे होणाऱ्या गोष्टींपैकी काही या कायद्याने नव्या रूपात परत आणाव्या लागल्या, असे दिसते.

या तुलनेतून जुने सारे चांगले आणि नवे सारे वाईट, असा अर्थ काढणे योग्य ठरणार नाही. पाहणी आणि शेतवार नोंद यांच्याशिवाय आजचा सातबारा अस्तित्वात आला नसता. मुद्दा इतकाच की, नोंद कितीही अचूक असली तरी वाईट वर्षी थांबण्याची सोय तिच्याबरोबर नसेल, तर ती नोंदच शेतकऱ्याच्या विरुद्ध जाते.

मागे राहिलेला वारसा

१६४७ मध्ये दादोजींचे निधन झाले. त्यानंतर मोकाशाचा कारभार शिवाजीराजांनी स्वतःच्या हाती घेतला आणि स्वराज्याच्या उभारणीला वेग आला. शिवरायांच्या जडणघडणीत दादोजींचे स्थान नेमके कोणते, ते गुरू होते की केवळ कारभारी, याविषयी अभ्यासकांत आणि समाजातही तीव्र मतभेद झाले आहेत. पुण्याच्या लाल महालातील त्यांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हलविण्यात आला, हेही सर्वांना विदित आहे. तो वाद बाजूस ठेवला, तरी निवाड्यांच्या कागदांतून दिसणारा मुलकी अधिकारी आपल्या जागी उरतोच. त्याच्या कामाची नोंद घेतल्याने जिजाबाईंच्या आणि शहाजीराजांच्या कर्तृत्वास उणेपणा येत नाही.

लावणी-संचणीचे तत्त्व पुढे स्वराज्याच्या धोरणात किती व्यापक झाले, हे शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रावरून समजते. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसा आणि पोटासाठी धान्य द्यावे, दिलेली रक्कम वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल म्हणून त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावी, अशी आज्ञा त्यात आहे. कौलात सरकार फक्त थांबण्याचे वचन देत असे. येथे ते भांडवलही पुरविते. उद्ध्वस्त पुणे प्रांत वसताना ज्यांनी बालपणी पाहिला, त्या राजाचे हे पत्र आहे, ही गोष्ट विसरता येत नाही.

आजचा संदर्भ

लोकशाही राज्यात सुभेदार नाही आणि वतनही नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या स्थापन झाल्यापासून गावाच्या विकासाची जबाबदारी लोकनियुक्त सभासदांवर आली आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी गाव सोडू नये म्हणून राज्याने मोठ्या प्रमाणावर कामे काढली. त्यातून दृढ झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत यासाठी २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. साधने बदलली, काम मात्र ओळखीचे आहे.

दादोजींच्या कारकीर्दीतून आजच्या अधिकाऱ्याला आणि पंचायत सभासदाला घेता येण्याजोग्या गोष्टी थोड्या, पण ठोस आहेत. गावाला दिलेला शब्द लेखी असावा आणि तो पाळला जावा. सवलत द्यावयाची तर तिची मुदत आणि तिच्या पायऱ्या आरंभीच सांगाव्यात. जमिनीचा तंटा लवकर आणि सर्वांसमक्ष मिटवावा आणि त्याची नोंद अशी करावी की पुढच्या पिढीला तीच लढाई पुन्हा करावी लागू नये. हुकूम काढणाऱ्याने तो प्रथम स्वतःला लागू करावा.

भीमेच्या काठच्या गावांत आज ऊस उभा आहे; उजनीचे पाणी दौंडच्या शिवारांपर्यंत मागे पसरते. शिरूर आणि दौंडच्या ज्या वाड्या-वस्त्यांना कालव्याचे पाणी पोहोचत नाही, तेथे मात्र पाऊस हुकला की टँकरची वाट पाहावी लागते आणि तरुण माणसे कामासाठी बाहेर पडतात. ती गावे नांदती ठेवण्याचे काम तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक आणि सरपंच यांच्याकडे आले आहे. मलठणच्या कुलकर्ण्याची गोष्ट शाळेत सांगताना आख्यायिकेतील आंब्याबरोबरच कौल, इस्तावा आणि महजर हे तीन शब्दही विद्यार्थ्यांना समजावून सांगितले, तर आपल्याच तालुक्यात ओस पडलेला मुलूख एकदा कसा वसविला गेला, हे त्यांना कळेल.